भंडारा न उचललेला कोलू

एकसष्ट जणांनी भंडारा उचलला आणि कोलूनं उचलला नाही. चिचटोल्याच्या निवडणुकीत एवढीच एक वेगळी गोष्ट घडली, बाकी सगळं नेहमीसारखं झालं, असं कोलूचं म्हणणं. गावाचं म्हणणं असं, की ही एक गोष्ट घडली म्हणूनच बाकी काहीच नेहमीसारखं झालं नाही.

तलावाच्या पाळीवर माता मायचं ठाणं आहे. शेंदूर लावलेले चार दगड आणि वर एक कडुनिंब. ग्रामपंचायतीच्या मतदानाआधीच्या सोमवारी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यातल्या बायाबापड्या, म्हातारेकोतारे सगळे तिथं जमायचे. पितळी ताटात भंडारा, म्हणजे हळद, हळदीवर बेलाची पानं. नाव आलं की पुढं व्हायचं, चिमूटभर हळद उचलायची, "मत घनश्यामभाऊच्या पॅनलले, खोटं निघालं तं माय पाहून घेईन" म्हणायचं आणि हळद कपाळाला लावून मागं सरायचं. पंचवीस वर्षं हाच रिवाज. त्यामुळे भाऊंना प्रचारासाठी कधी चप्पल झिजवावी लागली नाही.

घनश्यामभाऊ म्हणजे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, वॉर्ड नंबर दोनचे मेंबर आणि मोठ्या जाळ्याचे मुकादम. तिन्ही पदं ते एकाच चष्म्यातून सांभाळायचे. पहिला भंडारा त्यांनी स्वतः उचलला. दुसरं नाव कोलूचं. पंचवीस वर्षं दुसरं नाव कोलूचंच, कारण मिरवणुकीत झेंडा त्याच्या हातात असायचा.

"कोलू."

कोलू पुढं आला, पण हात पुढं आला नाही.

"उचल ना गा."

"भाऊ, मत तुमालेच हाये. पन भंडारा नाई उचलत मी."

"काऊन?"

"आमच्या प्रार्थनेत शपथ घेत नाईत. होय असन तं होय म्हनाचं, नाई असन तं नाई."

"मंग होय म्हन."

"होय."

"तसं नाई गा! भंडारा उचलून होय म्हन."

बाया पदराआड हसल्या. घनश्यामभाऊंनी ताट खाली ठेवलं. "तुह्या ठमाबाईले मी चंद्रपूरले नेलो, तवा मागतलो का तुले शपथ?"

"नाई मागतले," कोलू म्हणाला. "म्हनूनच तं मत हाये."

उत्तर बरोबर होतं. पण बरोबर उत्तर ऐकून कोणाचा राग उतरल्याचं चिचटोल्यात तरी कोणाला आठवत नाही.

"आइका सारे," घनश्यामभाऊ म्हणाले. "एक गाठ सुटली का सारं जाळं रिकामं होते. जो भंडाऱ्यात नाई, तो जाळ्यात नाई. चला, पुढचं नाव."

कोलू बाजूला झाला. कडुनिंबाच्या सावलीत उभं राहावं की उन्हात, हे त्याला कळेना. सावली मायची होती. तो उन्हात जाऊन उभा राहिला आणि उरलेल्या साठ जणांचा भंडारा संपेपर्यंत तसाच थांबला. मधेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

*

चिचटोल्याचा तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळचा. मालगुजारानं पाळ चांगली बांधली, पण आतली झाडं कापताना खुंटं काढायचा कंटाळा केला. चौदा खुंटं अजून तळाशी आहेत. सगळ्यात मोठ्या खुंटाचं नाव सासरा. त्याच्या हाती लागलेलं काही सुटत नाही.

मोठं जाळं डोंग्यातून तलावभर सोडायचं आणि दोन्ही काठांवरून सगळ्या मोहल्ल्यानं दोराला लागून ओढायचं. ते खुंटाला अडकलं की कोलूनं लंगोटावर उतरायचं, दोर धरून खाली जायचं आणि चाचपत जाळं सोडवायचं. खाली डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. बापानं त्याचा हात हातात धरून एकेक खुंट ओळखायला शिकवला होता. दुसऱ्या कोणाला खुंटं माहीत नव्हती. कोलू असताना ती माहीत करून घ्यायची गरजच पडली नव्हती.

आता कोलू अठ्ठावन्नचा. थंडीत उजवा कान वाहतो, पाण्यातून वर येताना छातीत शीळ वाजते. घरात तो एकटाच. मुलगी रोशनी कोरपन्याकडे दिलेली, जावई सिमेंटच्या कंपनीत, फोन कधी लागतो कधी नाही. दिवसचे दिवस कोलू कोणाशी बोलायचा नाही. भिंतीशी बोलायची सवय लागू नये म्हणून तो घरात तोंड दाबून वावरायचा. पण जाळ्याच्या दिवशी साठ माणसं एकदम ओरडायची, "कोलू! अरे कोलू, सासऱ्यानं धरलं!" वर्षातून सात-आठ वेळा ही हाक यायची. तेवढ्यावर त्याचं वर्ष निघायचं. घनश्यामभाऊंनी काढून घेतलं ते हे.

कोलूची बायको ठमाबाई, तिच्या पोटात गोळा होता. माय केली, बाबा केला, पाला केला. घनश्यामभाऊंनी आपल्या गाडीतून तिला चंद्रपूरला नेलं, एकदा नाही, सात वेळा. सातव्यांदा डॉक्टर म्हणाले, आता आणू नका. मग शेजारच्या मोहल्ल्यातली इंदुताई पास्टरला घेऊन आली. पास्टर अमर हा गोंडपिपरीकडचा तरुण माणूस, मोटारसायकलला गिटार बांधून यायचा. त्यानं ठमाबाईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पाच महिने जिचा डोळा लागला नव्हता ती ठमाबाई तीन रात्री झोपली. चौथ्या दिवशी गेली.

लोक म्हणाले, "तुह्या प्रभूनंबी काई केलं नाई गा."

कोलू म्हणाला, "तीन रात्री झोपली ना."

तेव्हापासून तो दर रविवारी इंदुताईच्या आवारात प्रार्थनेला बसायचा. ढिवर मोहल्ल्यातला तिथं तो एकटाच. त्याच्या लेखी गोष्ट सरळ होती. तीन रात्रींसाठी प्रभू आणि सात फेऱ्यांसाठी घनश्यामभाऊ. त्याला यात कुठं भांडण दिसत नव्हतं. भांडण बाकीच्यांना दिसलं.

*

मतदानाआधीच्या रविवारी प्रार्थनेला हेमराज आला. हेमराज म्हणजे राइस मिलवाला, घनश्यामभाऊंच्या विरोधातला उमेदवार. पांढरी पँट घालून तो चटईवर मांडी घालून बसला आणि पास्टर श्वास घ्यायला थांबला की आमेन म्हणू लागला. पास्टरला श्वास घ्यायची भीती वाटू लागली. शेवटी हेमराजनं हात जोडून सांगितलं, की प्रार्थनेला बसणारे तुम्ही अकरा जण आहात, तर निवडणूक झाल्यावर या आवारावर मी अकरा पत्रे टाकून देतो. मग तो गेला.

पास्टर अमर म्हणाला, "मत कोणाला द्या हे मी सांगत नाही. मी फक्त म्हणतो, जो प्रभूच्या लेकरांवर सावली करतो त्याला आपण विसरू नये. ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा."

दहा हात वर गेले.

"कोलूभाऊ?"

"मी घनश्यामभाऊले होय म्हनलो, पास्टरजी."

"त्यांनीच तुम्हाला जाळ्यातून काढलं ना? प्रभूसाठी काढलं!"

"हो. पन मी होय म्हनलो ते त्याच्या आंधी."

"ज्यानं प्रभूपायी तुम्हाला बाहेर काढलं, त्यालाच मत?"

"मत त्याच्या गाडीसाठी हाये," कोलू म्हणाला.

इंदुताईनं कपाळाला हात लावला. "कोलूभाऊ, मानसानं कोन्या एकाचं तं व्हावं!"

"मी दोघाचाबी हावो ना वो बाई."

असं कसं चालेल, अशा नजरेनं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग प्रभूनं कोलूभाऊचा हात योग्य बटनाकडे वळवावा, अशी सामुदायिक प्रार्थना झाली. शेवटी सगळ्यांबरोबर कोलूनंही आमेन म्हटलं. एकट्यानं न म्हणणं बरं दिसलं नसतं.

*

मतदानाच्या दिवशी धुकं होतं. शाळेसमोरच्या रांगेत कोलूच्या पुढच्या माणसानं दोन हात जागा सोडली होती, मागच्यानंही दोन हात. पुढं भंडारावाले, मागं प्रार्थनेवाले, मधे कोलू. पोलिसानं त्याला दोनदा विचारलं, "तुम्ही रांगेत आहात का?"

घनश्यामभाऊंचं चिन्ह छताचा पंखा. मोहल्ल्यात अर्धा दिवस वीज नसते, तरी भाऊ पंख्यावर खूश होते. हेमराजचं चिन्ह गाडीचं चाक. भाऊ त्या दिवशी चष्म्याशिवाय आले. लोक म्हणाले, "भाऊ, जवान दिसून राह्यले आज!" भाऊ हसले आणि शाळेच्या पायरीला ठेचाळले.

कोलूनं आत जाऊन पंखा दाबला. यंत्रावर त्याचा फारसा भरवसा नव्हता. म्हणून त्यानं खालच्या आवाजात म्हटलं, "प्रभू, हे पोचू दे." यंत्र वाजलं. पोचलं असावं.

तालुक्याला मोजणी झाली. वॉर्ड नंबर दोन. चाक एकोणसाठ, पंखा बेचाळीस.

त्या संध्याकाळी पाळीवर सभा भरली. कोलू आपल्या अंगणात बसला होता. तिथून सगळं ऐकू यायचं. घनश्यामभाऊ म्हणाले, "भंडारा उचलनारे एकसष्ट. मतं बेचाळीस. एकोनीस जनानं मायची खोटी शपथ घेतली."

मिथुन नावाचा दोरावरचा एक गडी म्हणाला, "भाऊ, मायची शपथ खोटी होऊच शकत नाई. आपल्यातलं कोनी फुटलं नसन."

"मंग मतं कुठी गेली?"

"तुमीच म्हनले ना. एक गाठ सुटली का सारं जाळं रिकामं होते."

साऱ्यांना हायसं वाटलं. साठ माणसांनी माना वळवून कोलूच्या अंगणाकडे पाहिलं. एकोणीस मतं त्या एका माणसाच्या खात्यात एकमतानं जमा झाली.

कोलूला एक गोष्ट ठाऊक होती, जी बाकी कोणालाच ठाऊक नव्हती. बेचाळीसमधलं एक मत त्याचं होतं. म्हणजे भंडारा उचलणाऱ्यांची एक्केचाळीसच आली. फुटलेले एकोणीस नव्हते, वीस होते. त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. एक तर कोणी विचारलं नाही, आणि सांगितलं असतं तर भाऊंचं आणखी एक मत कमी झालं असतं. बिचाऱ्या भाऊंना आधीच पुरेसं कमी होतं.

*

गुरुवारी मोठं जाळं पडलं. कोलू पाळीच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला. पाळ सरकारी आहे, तिथं बसायला कोणाची मनाई नव्हती.

डोंगा फिरला, दोर ताणले, पायाच्या टाचा चिखलात रुतल्या. अर्धा तलाव ओढून झाला आणि जाळं थांबलं. कोलूनं जागेवरूनच ओळखलं, सासरा. डावीकडून पकडलंय, खालची दोरी आत गेलीय, दोन बोटं वर उचलली की सुटेल.

दोरावरची माणसं थांबली. एकेक नजर मोहाकडे वळू लागली. कोलूनं सदरा काढला. अंगावर काटा आला. जानेवारीचा वारा पाण्यावरून येत होता. तो उघडा उभा राहिला आणि हाकेची वाट पाहू लागला.

घनश्यामभाऊ पाण्याकडेच पाहत होते. "ओढा," ते म्हणाले.

"भाऊ, सासऱ्यानं धरलं..."

"ओढा म्हनलो ना!"

माणसांनी ओढलं. आधी दोर कण्हला, मग कापड फाटल्यासारखा मोठा आवाज झाला आणि दोन्ही काठांची माणसं एकदम पाठीवर पडली. फाटलेल्या भगदाडातून रोहू आणि कतले सुळसुळत निघून गेले. एक कतला उसळी मारून पाण्यावर आला, जणू काठावर कोण कोण आहे ते पाहून घ्यायला.

कोलूनं सदरा परत घातला. घरी जाईपर्यंत कोणी त्याला काही म्हटलं नाही. निदान शिवी तरी देतील, असं त्याला वाटलं होतं.

*

शनिवारी भर दुपारी मागच्या कुडातून, काट्यांच्या कुंपणातून चंदा आत आली. चंदा मिथुनची बायको. गुपितं रात्रीची उरकायची असतात, पण मोहल्ल्यातली कुत्री रात्री फार भुंकतात. दुपारी सगळे मळणीवर असतात आणि कुत्री झोपलेली असतात.

"कोलूभाऊ, तुमच्या प्रभूपासी खोटी शपथ धुवून निघते म्हनते. खरं का?"

"कोनं घेतली खोटी?"

"मीनं." ती खाली बसली. "चाक दाबली मी. माह्या भावाले हेमराजनं मिलवर लावलं ना. भंडाराबी उचलली अन् चाकबी दाबली. तवापासून माहं लेकरू खोकलून राह्यलं."

"मायलेच सांग ना वो, बाई."

"मायचीच तं खोटी घेतली! कोन्या तोंडानं जाऊ तिच्यापासी? तुमच्या प्रभूची अन् माही ओळख नाई, म्हनून बरं हाये." मग ती म्हणाली, "अन् घरच्याईले सांगू नोका."

कोलूला धुवायची रीत माहीत नव्हती. पास्टरनं ठमाबाईच्या डोक्यावर ठेवला होता तसा त्यानं चंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आठवेल तशी प्रार्थना केली. चंदानं डोळे पुसले, गडवाभर पाणी प्यायली आणि कुडातून निघून गेली.

रविवारी दुपारी त्याच कुडातून मिथुन आला. "कोलूभाऊ, चाक दाबलो गा मी. बायकोले सांगू नोको."

मग रोज कोणी ना कोणी येत राहिलं. म्हातारी आली, तिला पंखा आणि चाक यांतलं फारसं कळलं नव्हतं, पण चाक चांगलं दिसलं होतं. दोन भाऊ वेगवेगळ्या दिवशी आले आणि दोघांनी एकमेकांचीच बदनामी केली. एक जण नुसता येऊन बसला, काही बोललाच नाही. कोलूनं त्याच्याही डोक्यावर हात ठेवला. कुडाच्या काट्या लोकांच्या ये-जा करण्यानं आपोआप बाजूला झाल्या, चांगली वाट पडली.

दोन आठवड्यांत कोलूच्या घरात इतकी माणसं बोलून गेली, की ठमाबाई असतानाही तेवढी कधी बोलली नव्हती. पण मळणीच्या वाटेवर तीच माणसं भेटायची आणि बांधावरून उतरून चिखलातून जायची. मिथुन तर चारचौघांत खाकरून थुंकला. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि थुंकल्याबद्दलही प्रार्थना करवून घेतली.

कोलूनं घराच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या होत्या. नावं नाहीत, नुसत्या रेघा. एकोणीस झाल्या आणि माणसं यायची थांबली. विसाव्या माणसासाठी त्यानं चटई चार दिवस अंथरूनच ठेवली.

मधल्या काळात हेमराजनं शब्द पाळला. ट्रॅक्टरवरून पत्रे आले, पण दहाच. प्रार्थनेत हात दहाच वर झाले होते, असं त्यानं इंदुताईला कळवलं. पास्टरनं आणि बाकीच्यांनी दहा पत्रे टाकले. कोलू बसायचा त्या जागेवर आभाळ राहिलं. रविवारी दहा जण सावलीत बसले आणि कोलूवर ऊन पडलं. सरकून बस, असं कोणी म्हटलं नाही. जागा असूनही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलू अंगण झाडत असताना घनश्यामभाऊ आले. कुडातून नाही, समोरून. नाकावर नवा चष्मा होता. चष्म्यामागचे डोळे सुजलेले, खाली काळी वर्तुळं. ते ठमाबाईच्या जुन्या खाटेवर बसले.

"किती आले तुह्यापासी?"

कोलू झाडतच राहिला.

"नावं नाई मागून राह्यलो. कुडाले वाट पडली ते आंधळ्यालेबी दिसते. किती, तेवढं सांग."

"एकोनीस," कोलू म्हणाला.

घनश्यामभाऊंनी बोटांवर मोजलं. मग उलट बाजूनं मोजलं. चष्मा काढून हातात धरला.

"मतदानाच्या आदल्या दिशी शेळीनं चष्मा तुडवला माहा. घरवाली गोकुळा म्हने, घरीच राहा. मी म्हनलो, मेंबर घरी राहून राह्यला तं लोकं काय म्हनतीन? आत गेलो. मशिनवर एक गोल वर, एक गोल खाली. एक पंखा, एक चाक. कोनाले विचारू गा? माहंच चिन्ह कोनतं म्हनून इचारू? दाबलो एक." त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "कोनतं दाबलो ते आजवर मालूम नाई. पयला भंडारा मीच उचललो होतो, कोलू. तवापासून डोया लागला नाई माहा."

कोलूनं झाडू भिंतीला टेकवला.

"म्हनून तुह्यापासी आलो. पाह्य, एकसष्टातले एकोनीस गेले. राह्यले बेचाळीस. मशिनमंदीबी बेचाळीस. बराबर जमते. म्हंजे माहं पंख्यालेच गेलं." घनश्यामभाऊंनी मान वर केली. "पन तू जर मले देल्लं असशीन, तं त्या बेचाळीसमंदी एक तुहं. मंग माहं चाकाले गेलं. मायची पयली खोटी शपथ माही."

कोलूला हे सगळं भाऊंच्या आधीच कळलं होतं. विसावा माणूस खाटेवर बसला होता.

"तुमी लोकं खोटं बोलत नाई म्हनते. सांग ना गा. देल्लं होतं का मले? होय तं होय, नाई तं नाई."

कोलूसमोर एक शब्द होता. होय म्हटलं की पंचवीस वर्षांचा झेंडा परत, दोरावरची जागा परत, साठ माणसांची हाक परत. शिवाय ते खरं होतं. त्यानं घनश्यामभाऊंच्या डोळ्यांकडे पाहिलं. अशा सुजलेल्या पापण्या त्यानं याच खाटेवर पाच महिने पाहिल्या होत्या.

नाही म्हणता येत नव्हतं. ते खोटं होतं.

तो उठला, माठाजवळ गेला आणि पाणी घेऊन आला. गडवा भाऊंच्या हातात दिला आणि खाली मान घालून उभा राहिला.

घनश्यामभाऊ वाट पाहत राहिले. मग त्यांच्या छातीतून असा मोठा श्वास सुटला, की गडव्यातलं पाणी हिंदकळलं.

"नाई देल्लं ना," ते म्हणाले. "नाई देल्लं! मले वाटतच होतं. हरामखोर हायेस गा तू." आणि त्यांनी इतक्या प्रेमानं कोलूचा खांदा दाबला, की असं प्रेम कोलूला निष्ठेच्या पंचवीस वर्षांत मिळालं नव्हतं. "लई बरं केलं बाप्पा. लई बरं केलं."

पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं. चेहरा पडला. "पन आता तुले जाळ्यात कसा घेऊ, सांग? शपथबी नाई अन् मतबी नाई."

"नोका घेऊ, भाऊ."

"वाईट नोको वाटून घेजो."

"नाई."

घनश्यामभाऊंना जांभई आली. मग दुसरी आली. तिसरी अर्धवट राहिली आणि ते बसल्या जागी आडवे झाले. हातातला चष्मा कोलूनं काढून बाजूला ठेवला. दुपार होईपर्यंत ते घोरत होते. कोलू जमिनीवर बसून पदराच्या जुन्या तुकड्यानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकत राहिला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज होता.

रविवारी उन्हात बसून त्यानं प्रभूला सांगितलं, "मी नाई म्हनलो नाई. होयबी म्हनलो नाई. मधलं काई असते का ते तूच पाह्य."

*

जाळं विणून झालं आणि पुढच्या गुरुवारी परत पडलं. कोलू मोहाखाली होता. डोंगा फिरला, दोर ताणले, अर्धा तलाव ओढून झाला आणि जाळं थांबलं. सासरा.

कोणी ओढलं नाही. कोणी मोहाकडे पाहिलंही नाही. घनश्यामभाऊंनी नवा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, कमरेवर हात ठेवले आणि आभाळाकडे तोंड केलं.

"पाखरं पाहा," ते मोठ्यानं म्हणाले. "मार्कंड्याकडं चालली वाटते."

आभाळात एकही पाखरू नव्हतं. एकसष्ट माणसं वळली. दोर हातात तसेच धरून, बाया टोपल्या तशाच कमरेवर घेऊन, सगळ्यांनी तलावाकडे पाठ केली आणि रिकाम्या आभाळाकडे पाहू लागले.

कोलूनं सदरा काढून घडी घातली. पाणी आधी घोट्याला चावलं, मग मांडीला, मग छातीला. दोर धरून तो खाली गेला. डोळे उघडे होते की मिटलेले, त्याला कळलं नाही. हाताला शेवाळ लागलं, मग सासऱ्याची गार, ओळखीची साल. खालची दोरी आत रुतली होती. दोन बोटं वर. सुटली.

तो वर आला तेव्हा छातीत शीळ वाजली. तलाव एवढा शांत होता, की ती दोन्ही काठांना ऐकू गेली असणार. कोणी वळलं नाही. त्यानं काठाकडे पाहिलं. नुसत्या पाठी होत्या. लुगड्यांच्या, बनियनच्या, उघड्या. त्यातल्या एकोणीस त्याला पाठीवरूनही ओळखता आल्या, आणि विसावी तर मधोमधच होती.

तो बाहेर आला, अंग पुसलं, सदरा घातला, मोहाखाली बसला आणि खोकला.

"ओढा," घनश्यामभाऊ म्हणाले.

सगळी माणसं एकदम वळली आणि दोर ओढू लागली. जाळं सरळ येत होतं. पाण्यावर कतले उसळू लागले, बाया ओरडल्या, कोणीतरी माता मायचा जयजयकार केला. मोहाखाली ओल्या केसांचा एक माणूस बसला होता. त्याला कोणी पाहिलं नाही.